आरोग्य प्रश्नोत्तरे : न भरणारी जखम आणि त्वचेचा कर्करोग

मागील अंकात त्वचेच्या कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही पत्रे निवडून, मजकूर थोडा आटोपता घेऊन येथे छापली आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एवढे सांगणे आवश्यक वाटते की या रोगाविषयी सर्वत्र वाचायला मिळणारी माहिती बहुतांशी गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या देशांतून आलेली असते आणि तिचा सगळा भर ऊन व तीळ या दोन गोष्टींवर असतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे त्या देशांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. परंतु आपल्याकडे जो आढळतो तो बऱ्याचदा भाजल्याच्या जुन्या व्रणावर, कपड्याने सतत घासल्या जाणाऱ्या जागी किंवा तळपायाला असतो. तिथे तो कोणी शोधत नाही आणि म्हणून तो उशिरा सापडतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ असून तिने आयुष्यभर नऊवारी लुगडेच नेसले आहे. लुगडे जिथे आवळून बांधले जाते तिथे, कमरेच्या उजव्या बाजूला, वर्षभरापासून जखम आहे. अनेक मलमे लावून झाली. तिला शुगर असल्यामुळे जखम भरायला वेळ लागेल असे आम्हांला सांगण्यात आले होते. आता दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले आहे. भाऊबंद म्हणतात की गाठीला किंवा जखमेला चाकू लावला की कॅन्सर अंगभर पसरतो, म्हणून हात लावू देऊ नका. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, तुकडा तपासणी करून घ्या आणि ती याच आठवड्यात करून घ्या. वर्षभर न भरलेली जखम कर्करोगाचीच असते असे नाही, परंतु ती तशी नाही हे तपासणीशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही.

चाकू लावल्याने रोग पसरतो ही समजूत आपल्या भागात किती खोल रुजली आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती कशी रुजली असावी हेही समजण्यासारखे आहे. रुग्ण रोग पुष्कळ वाढल्यावर रुग्णालयात येतो, त्या वेळी तो बहुधा आतल्या गाठींपर्यंत, म्हणजे लसिकाग्रंथींपर्यंत, पोहोचलेला असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच रुग्ण दगावला की गावात दोष शस्त्रक्रियेच्या माथी येतो. खरे कारण आधी वाया गेलेल्या महिन्यांत असते. जखमेचा तुकडा घेतल्याने त्वचेचा कर्करोग पसरत नाही. ही तपासणी अगदी लहान आहे. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन जखमेच्या काठावरून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागल्यास एखाददुसरा टाका घालतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तुकडा काठावरून घेण्यालाही कारण आहे. जखमेच्या मध्यभागी बऱ्याचदा मेलेले मांस आणि पू असतो व त्यातून निदान होत नाही. जखम मोठी असल्यास दोन-तीन जागांचे तुकडे घ्यावेत असा आग्रह आपणही धरू शकता. अहवालात कर्करोग नाही असे आले आणि तरीही जखम भरत नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. पहिल्या अहवालावर विसंबून आणखी वर्ष काढू नये. मातोश्री रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील तर ते आधी सांगा, मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आता शुगरविषयी. मधुमेहात जखमा उशिरा भरतात हे खरे आहे. परंतु मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा मुख्यतः पावलांवर होतात, कारण तिथे रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी झालेली असतात. कमरेवरची जखम वर्षभर राहिली तर तिचे खापर एकट्या शुगरवर फोडता येत नाही. ‘शुगर आहे म्हणून’ या एका वाक्याने आपल्याकडे अनेक निदाने लांबतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे.

कमरेच्या या विशिष्ट जागेचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणारे थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या रोजच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय होता आणि धोतर कमरेवर जिथे आवळले जाते तिथे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यात होती. पुढे परकराच्या नाडीखाली आणि लुगड्याच्या बांधणीखाली असेच कर्करोग आढळले. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वृद्ध स्त्रियांची माहिती दिली. त्यांपैकी एक अनेक दशके परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत होती, आणि निदान झाले तेव्हा रोग तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला होता.

असे होण्याचे कारण लुगड्याचे कापड किंवा त्याचा रंग नसून एकाच रेषेवर वर्षानुवर्षे पडणारा ताण आणि घर्षण हे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, शेतात काम करताना घाम आणि धूळ त्या घट्ट रेषेत साचते, खाज सुटते, त्वचा आधी काळवंडते किंवा फिकी पडते, मग जाड होते, तिला बारीक भेगा पडतात, जखम होते, भरते आणि पुन्हा होते. या सततच्या दुरुस्तीत कधीतरी पेशींची वाढ ताब्याबाहेर जाते. हा कर्करोग विरळा आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कमरेवरचा काळा पट्टा बहुतेक स्त्रियांमध्ये केवळ घट्टा असतो, किंवा तिथे नायटा झालेला असतो, आणि तो उपचारांनी बरा होतो. घरातील सर्व स्त्रियांनी नाडी किंवा गाठ सैल ठेवावी, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठीची जागा रोज थोडी वरखाली करावी, रात्री कमर मोकळी ठेवावी आणि खाज सुटली तर ती अंगावर न काढता उपचार करावेत. पुरुषांनी करदोऱ्याच्या बाबतीत हीच काळजी घ्यावी.

मातोश्रींच्या तपासणीत कर्करोग निघाला तर तो बहुधा स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा असेल. जखम सभोवतालच्या निरोगी त्वचेसह काढून टाकणे हा त्यावरचा मुख्य उपचार आहे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मांडीची कातडी लावता येते. दोन्ही जांघा डॉक्टरांनी हाताने तपासायला हव्यात. तिथे अवधाण आल्यासारखी गाठ लागली तर सोनोग्राफी करून सुईने तिची तपासणी करतात. गाठींमध्ये रोग गेलेला असल्यास त्या काढाव्या लागतात आणि काही रुग्णांना नंतर किरणोपचार, ज्याला आपल्याकडे लाईट किंवा शेक देणे म्हणतात, द्यावे लागतात. वय ७२ आहे म्हणून उपचार नाकारण्याचे कारण नाही. वेळेत काढलेला हा कर्करोग बहुसंख्य रुग्णांत पूर्ण बरा होतो.

प्रश्न : माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, लहानपणी शेकोटीत पडले होते. डाव्या पोटरीवर भाजल्याचा मोठा व्रण आहे. इतक्या वर्षांनी तिथे जखम झाली असून तिचे मांस फुलकोबीसारखे वर आले आहे, वास येतो, धक्का लागला की रक्त येते. पाय कापावा लागेल या भीतीने ते दवाखान्यात यायला तयार नाहीत.
— एक वाचक, तळोदा

उत्तर : आपण केलेले वर्णन चिंता वाटावी असे आहे, त्यामुळे आप्पांना राजी करणे हे आपले पहिले काम आहे. भाजल्याच्या जुन्या व्रणावर कर्करोग होऊ शकतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये व्रणावरच्या अशा जखमांचे वर्णन केले आणि त्यांना आजही त्याचेच नाव आहे. भाजणे आणि कर्करोग यांमध्ये सरासरी ३० वर्षांच्या आसपासचा काळ जातो, त्यामुळे बालपणीच्या घटनेशी या जखमेचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. व्रणाच्या कातडीत रक्तवाहिन्या कमी असतात, ती ताणली की फाटते, फाटली की नीट भरत नाही, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे दुबळी असते. व्रणावरची जखम ४ आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा उचललेल्या आणि कठीण लागू लागल्या, वास किंवा रक्त येऊ लागले, तर तुकडा तपासणीला पर्याय नाही.

पायाविषयी आप्पांना हे सांगा की प्रत्येक रुग्णाचा पाय कापत नाहीत. रोग कातडी आणि तिच्याखालील थरापुरता असेल तर जखम सभोवतालच्या साधारण दोन सेंटिमीटर चांगल्या भागासह काढतात आणि त्यावर कातडी बसवतात. हाड, सांधा किंवा मुख्य रक्तवाहिन्या व नसा यांत रोग शिरला असेल तेव्हा मात्र पाय वाचवणे कठीण होते, आणि हे एक्स-रे व एमआरआय यांवरून आधी कळते. पाय जाण्याची शक्यता दवाखान्यात गेल्याने वाढत नाही, घरी थांबल्याने वाढते. त्वचेचे इतर कर्करोग आणि व्रणावरचा कर्करोग यांत एक फरक आहे तोही आपल्याला माहीत असावा. व्रणावरचा कर्करोग अधिक आक्रमक असतो आणि गाठींपर्यंत लवकर जातो. म्हणून येथे दिवसांना किंमत आहे.

आपल्या भागातून हे पत्र आले म्हणून आणखी थोडे लिहितो. खोल भाजलेली जागा महिनोन्‌महिने आपोआप भरण्याची वाट पाहत ठेवण्याऐवजी तिच्यावर वेळीच कातडी बसवली तर पुढचा हा धोका पुष्कळ कमी होतो. पोटदुखीवर लोखंडाचे चटके देणे, दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणे यांतूनही खोल व्रण राहतात, आणि ते देण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्या ज्या व्यक्तींच्या बधिर तळपायावर वर्षानुवर्षे जखम आहे, त्यांच्या जखमेचे रूप बदलले तर त्यांनीही तपासणी करावी. वेदना होत नाही याचा अर्थ तिथे काही बिघडलेले नाही असा होत नाही.

प्रश्न : मी केळी उत्पादक असून वय ५८ आहे. नाकाच्या बाजूला दोन वर्षांपासून काळा, चकचकीत फोड आहे. तो हळूहळू वाढतो, दाढी करताना त्यातून रक्त येते, खपली धरते, पडते. एका ठिकाणी ॲसिड लावून जाळून दिले, तरी तो पुन्हा आला. हा कर्करोग असू शकतो का? उन्हामुळे झाला असेल का? उपचारांचा खर्च किती येईल?
— एक शेतकरी वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, हा बेसल पेशींचा कर्करोग असण्याची शक्यता बरीच आहे. तो मुख्यतः चेहऱ्यावर, त्यातही नाक, पापण्यांच्या कडा आणि कान यांच्या आसपास होतो. गोऱ्या त्वचेवर तो गुलाबी दिसतो. आपल्या त्वचेवर बहुधा काळसर असतो, त्यामुळे लोक त्याला तीळ किंवा चामखीळ समजतात. हा कर्करोग अंगात इतरत्र क्वचितच पसरतो, परंतु जागच्या जागी तो नाकाची कूर्चा आणि डोळ्यापर्यंतचा भाग पोखरू शकतो. ॲसिड, चुना किंवा घोड्याच्या केसाची गाठ यांनी वरचा भाग पडतो आणि मुळे आत राहतात. वरून जागा भरल्यासारखी दिसते, आत रोग वाढत असतो आणि पुढची शस्त्रक्रिया मोठी होते. म्हणून निदान झाल्याशिवाय चेहऱ्यावरचा कोणताही फोड कोणाकडूनही जाळून घेऊ नये.

उन्हाचा वाटा यात निश्चित आहे. सूर्यकिरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण ठरवले. अतिनील किरण पेशींच्या डीएनएला इजा करतात, शरीर ती दुरुस्त करत राहते, आणि अनेक वर्षांची न दुरुस्त झालेली इजा उतारवयात प्रकट होते. केळीच्या बागेत सावली असते हे खरे, परंतु घड कापून ट्रकमध्ये भरताना, पाण्याची पाळी देताना आणि बांधावर दिवसभर ऊन चेहऱ्यावरच असते. गांधी टोपीने डोके झाकले जाते, मात्र नाक, कान आणि मान उघडीच राहतात. रुंद काठाची टोपी किंवा कानांवरून बांधलेला मोठा सुती रुमाल अधिक उपयोगी आहे. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेतील जी कामे हलवता येतील ती हलवावीत. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे. घामात ते टिकत नाही, म्हणून कष्टाच्या कामात सावली आणि कापड यांवरच माझा अधिक भरवसा आहे.

उपचार म्हणून लहान फोड साधारण ४ मिलिमीटर निरोगी कडेसह काढतात. नाकासारख्या जागी, जिथे कातडी मोजकीच असते, मोह्‌ज नावाच्या पद्धतीने एकेक थर काढून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कडा स्वच्छ झाल्यावरच थांबतात. ही सोय मोठ्या शहरांतील काही केंद्रांत मिळते. ती नसेल तरी नेहमीच्या शस्त्रक्रियेनेही बहुतेक रुग्ण बरे होतात. खर्चाबाबत, तपासणी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात होऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असून योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा आणि आपल्याला लागणारा उपचार त्यात बसतो का ते भरती होण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात सहा महिन्यांपासून काळी उभी रेघ आली आहे आणि ती रुंद होत आहे. माझ्या आईच्या हातांच्या सर्व नखांत अशा फिक्या रेघा वर्षानुवर्षे आहेत. अंगावर तीळही पुष्कळ आहेत. मी घाबरून जावे का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आपल्या आईच्या नखांतील रेघा सावळ्या त्वचेत नेहमी आढळणाऱ्या आहेत, अनेक नखांत असलेल्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या फिक्या रेघा सहसा निरुपद्रवी असतात. आपली रेघ वेगळी आहे. प्रौढ वयात एकाच नखात, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, नव्याने आलेली आणि रुंदावणारी रेघ मेलॅनोमा या कर्करोगाची असू शकते. नखाच्या मुळाशी किंवा बाजूच्या कातडीवर काळेपणा उतरला असेल तर संशय अधिक बळावतो. ठेच लागून रक्त साकळले असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागून स्वच्छ नख येते. आपल्या रेघेत तसे होत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

मेलॅनोमा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा असतो आणि त्वचेच्या कर्करोगांत तोच सर्वाधिक घातक आहे. भारतीयांत तो तळपाय, तळहात आणि नखाखाली होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध दिसत नाही. तळपायावर तो कुरूप समजून ब्लेडने तासला जातो किंवा त्यावर कॉर्न कॅप लावली जाते. काट्याची जखम समजूनही महिने जातात. तिळांपैकी जो दोन्ही बाजूंना सारखा नाही, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, ज्यात एकाहून अधिक रंग आहेत, जो ६ मिलिमीटरहून मोठा आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो बदलत आहे, तो दाखवावा. बाकीच्या तिळांची धास्ती घेऊ नये.

या रोगात सगळे गणित खोलीवर अवलंबून असते. ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले की मेलॅनोमा त्वचेत किती मिलिमीटर उतरला आहे यावरून पुढची वाटचाल सांगता येते. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल असताना काढलेल्या रुग्णांपैकी फार मोठा वर्ग कायमचा बरा होतो. पसरलेल्या रोगावर २०११ पासून प्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे आली आणि त्यांनी अनेकांचे आयुष्य वाढवले, पण ती अतिशय महाग आहेत. अशा निदानासाठी परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राचा सल्ला घेण्यास मुंबईची खेप करावी लागली तरी ती करावी.

प्रश्न : मला कोड आहे. पांढऱ्या डागांचा पुढे कॅन्सर होतो असे ऐकले.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : होत नाही. कोड असलेल्यांत मेलॅनोमाचे प्रमाण इतरांहून कमीच आढळले आहे. डागांवर ऊन लागून भाजते, म्हणून ते झाकावेत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीची त्वचा, केस आणि पापण्या जन्मापासून पांढऱ्या आहेत. कोड आहे म्हणावे तर सर्वच अंग तसे आहे. तिला शाळेत कसे जपावे?
— एक पालक, साक्री

उत्तर : हा कोड नाही. या जन्मजात अवस्थेला अल्बिनिझम म्हणतात. कोडात रंगपेशी नाहीशा होतात, येथे पेशी असतात पण त्यांना मेलॅनिन पुरेसे तयार करता येत नाही. त्यामुळे आपल्या मुलीला उन्हापासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि या पानावर उन्हाविषयी जे लिहिले ते सर्वांत आधी तिला लागू आहे. शाळेत पूर्ण बाह्यांचा गणवेश, पायघोळ सलवार आणि रुंद काठाची टोपी घालण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. प्रार्थना आणि खेळाचा तास तिला सावलीत द्यावा. सनस्क्रीन तिच्यासाठी चैन नाही, औषध आहे. चेहरा, कान, मान आणि हातांच्या पाठीवर ते रोज, ढगाळ दिवशीही लावा. उन्हात कमी जाण्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडू शकते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांतून देता येते. तिची नजरही कमी असेल, म्हणून नेत्रतज्ज्ञांना दाखवा, तिला फळ्याजवळ बसवायला सांगा आणि गडद चष्मा द्या. त्वचारोगतज्ज्ञांकडून दर सहा महिन्यांनी संपूर्ण अंगाची तपासणी करावी. चेहऱ्यावर किंवा हातावर खरखरीत, खपलीचे ठिपके येऊ लागले तर ते कर्करोगापूर्वीची पायरी असू शकतात. द्रवरूप नायट्रोजनने गोठवून ते त्याच भेटीत काढता येतात.